सांधेवाला

आमच्या वेळी मिडफिल्डर म्हणत नसत.
लिंकमन म्हणायचे,
आणि मिरजेच्या यार्डातली पोरं नुसतं, "ए सांधेवाला."
कारण दिवसा मी सांधाच बदलायचो.
खटका ओढायचा, रुळाचं पातं सरकायचं,
मालगाडी मालधक्क्याला, पॅसेंजर फलाटाला.
ड्रायव्हर हात करायचा. कधी करायचा नाही.

संध्याकाळी साडेपाचला तेच काम, फक्त बूट घालून.
चेंडू मागनं यायचा, जोसेफ आवळ्याच्या लाथेनं, धोंड्यासारखा.
मी त्याला छातीवर निजवायचो
आणि मान न वळवता उजवीकडं सोडून द्यायचो.
तिथं बाबालाल असायचा.
नसला तर चेंडू पोचेस्तोवर यायचा.
हे कसं, ते कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

बेळगावची फायनल, चौऱ्याऐंशी साल.
पेपरातलं कात्रण अजून आहे:
बाबालाल हवेत, गोलकीपर चिखलात, जाळं फुगलेलं.
डाव्या कडेला एक कोपर दिसतं.
ते माझं.
लग्नानंतर बायकोला दाखवलं, तर म्हणाली,
"कोपर चांगलं आलंय."

गुडघा गेला तो मॅचमध्ये नाही.
सरावात, गुरांच्या खुरानं पडलेल्या एका खड्ड्यात.
खट् झालं,
आणि मला आधी वाटलं, लांब कुणीतरी सांधा बदलला.
मिशन हॉस्पिटलच्या डॉक्टरनं एक्स-रे दिव्यापुढं धरला.
"यशया, गाडी आता ह्या लाइनीवर नाही चालायची."
त्याला विनोद करायचा नव्हता.

मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत.
मीटरगेज उखडली, नंतर अरुंद रूळही.
केबिनीत बटणं आली, खटके भंगारात गेले, किलोवर.
मला पार्सल ऑफिसात बसवलं, हळदीची पोती मोजायला.
रुमालानं घाम पुसला की रुमाल पिवळा.
मॅच असली की मैदानाबाहेर, भिंतीच्या सावलीत उभा राहायचो.
बघायचो नाही. ऐकायचो.
पास कुणी दिला आणि कुणी नुसता टाकला,
आवाजावरनं कळतं.

कोच झालो तो शिट्टीमुळं.
रमजान मास्तरांनी ऑपरेशनला जाताना ठेवायला दिली,
परत न्यायला आले नाहीत.
सहा महिने ती मी खिशातच वाजवली.

पोरांना मी लाथ शिकवत नाही, मान शिकवतो.
"चेंडू यायच्या आधी मागं बघ.
पायात आल्यावर बघणारा उशिरा पोचला."
ऐकतंय कोण? सगळ्यांना फॉरवर्ड व्हायचंय,
सगळ्यांचे केस एकाच खेळाडूसारखे कापलेले.

एकटी नाझनीन मागं बघते. न सांगता.
वडील सतारीचे भोपळे कोरतात तिचे.
एकदा विचारलं तिनं, "सर, तुम्ही किती गोल मारले?"
"अकरा वर्षांत तीन.
त्यातला एक आपल्याच जाळ्यात."
हसली नाही. नाडी बांधत म्हणाली,
"मग दोन."

सांगलीला सेमीफायनल. पाच मिनिटं उरलेली.
मी ओरडलो, "उजवीकडं दे, उजवीकडं!"
तिनं डावीकडं दिला.
तिथं कुणी नव्हतं. गवत होतं, आणि एक पाण्याची बाटली.
शिवी ओठांवर आली,
आणि तेवढ्यात कुठूनशी आमची बुटकी शिल्पा त्या गवतात उगवली.
मी चाळीस वर्षं मैदान बघतोय.
शिल्पा मला दिसली नव्हती.

पुण्याच्या कॅम्पला तिचं नाव आलं.
स्टेशनावर सगळे होते, मी थोडा मागं, पार्सलच्या हातगाड्यांपाशी.
गाडी हलली तशी खिडकीतनं तिनं मान वळवली,
आधी मागं बघितलं, मग हात केला.
मीही केला.
शेवटचा डबा केबिनीपुढं गेला आणि खट् झालं.
रूळ असेल.
गुडघाही असेल.
खाली वाकून बघायला वेळ नव्हता;
मैदानावर पोरं येऊन थांबली असणार,
आणि फक्कीची पिशवी
माझ्याच सायकलला होती.